ला पाझमध्ये उतरल्यावरचे पहिले तीन दिवस

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईहून माद्रिद, तिथून सांता क्रूझ आणि मग ला पाझ असा प्रवास आहे. मुक्काम चार रात्रींचा, सोबत ६२ वर्षांची आई, आणि खाणं पूर्ण शाकाहारी. हे शहर पहिल्या भेटीत कसं वाटतं, त्रास कशाचा होतो आणि तयारी काय करायची?

बोलिव्हियाच्या या शहराबद्दल आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इथे दोन ठिकाणांमधलं अंतर किती किलोमीटर, हे विचारून काही कळत नाही. कोणतं ठिकाण किती उंचावर, हे विचारायचं. विमान जिथे उतरतं तो एल आल्तोचा विमानतळ ४,०६१ मीटरवर आहे. शहराचा मध्य, म्हणजे प्लासा मुरिल्यो हा चौक, सुमारे ३,६४० मीटरवर. सोना सूर म्हणजे दक्षिण भाग आणखी खाली, सुमारे ३,३०० मीटरवर. हे सगळं एकाच वाडग्यासारख्या दरीत वसलेलं आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे मुरिल्यो चौकात बाकावर नुसते बसलात तरी कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहात. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. लेहला जाणारा माणूस पहिले दोन दिवस खोलीत विश्रांती घ्यायची हे गृहीत धरून जातो. ला पाझ मात्र मोठं शहर आहे, हॉटेलं, रहदारी, दुकानं सगळं आहे, म्हणून लोक सामान टाकून लगेच फिरायला निघतात. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच.

सुरुवात विमानापासूनच होते. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो. इतरत्र विमान उतरतं तसा केबिनमधला दाब वाढत जातो. एल आल्तोला उलटं होतं. बाहेरची हवा केबिनपेक्षाही विरळ, म्हणून उतरता उतरता केबिनमधला दाब कमी केला जातो. दार उघडेपर्यंत तुम्ही आकाशात होता त्यापेक्षा विरळ हवेत आलेले असता. धावपट्टी सुमारे चार किलोमीटर लांब आहे, तीही याच कारणाने: विरळ हवेत पंखांना उचल मिळायला जास्त वेग लागतो आणि वेग घ्यायला व मोडायला जास्त जागा. बॅगेतल्या चिवड्याच्या पुड्या फुगून टम्म होतात. शांपूची, तेलाची बाटली उघडली की फवारा उडतो. बाटल्या अर्धवट भरा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावा आणि उघडताना बेसिनवर धरा.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईत २१ टक्के आणि इथेही २१ टक्केच. फरक दाबाचा आहे. मुरिल्यो चौकात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. यातून जो त्रास होतो त्याला तिथे सोरोचे म्हणतात: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, झोप न लागणं. तो उतरल्याबरोबर होत नाही, साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो. पहिले दोन-तीन तास उलट हुशारी वाटते, ‘आपल्याला काहीच झालं नाही’ म्हणून माणूस चढाच्या रस्त्यांवर हिंडून येतो आणि रात्री डोकं धरून बसतो. त्यात भारताची वेळ तिथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे, त्यामुळे झोप आधीच उलटीपालटी झालेली. आणखी एक कारण आपल्याकडचे लोक हमखास विसरतात. रोज चार कप चहा पिणाऱ्याला दोन दिवसांच्या प्रवासात चहा मिळाला नाही तर त्यानेही डोकं दुखतं. आईंना नेहमीचा चहा नेहमीच्या वेळी मिळेल अशी सोय बरोबर ठेवा. उंचीवर चहा-कॉफी वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ती दारू आणि झोपेची गोळी, कारण दोन्हींमुळे रात्रीचा श्वास आणखी मंदावतो.

तुमच्या मार्गातलं सांता क्रूझ जेमतेम ४०० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री राहिलात तर प्रवासाचा शीण जाईल, पण उंचीची सवय काडीचीही होणार नाही. सवय करायची असेल तर मधे कोचाबांबा (सुमारे २,५६० मीटर) किंवा सुक्रे (सुमारे २,८०० मीटर) इथे दोन रात्री काढा. आई बरोबर असताना हा बदल कराच असं माझं स्पष्ट मत आहे. चार रात्रींपैकी दोन सुक्रेत गेल्या तरी चालतील. आजारी पडून ला पाझच्या खोलीत काढलेल्या चार रात्रींपेक्षा धडधाकट काढलेल्या दोन बऱ्या. शिवाय बोलिव्हियाची घटनात्मक राजधानी सुक्रेच आहे, सरकारचा कारभार तेवढा ला पाझहून चालतो. त्यामुळे ते दोन दिवस वाया गेले असं वाटणार नाही.

मधला थांबा जमणारच नसेल तर निदान पहिल्या दोन रात्रींचं हॉटेल सोना सूरमध्ये, कालाकोतो भागात घ्या. बहुतेक पर्यटक सान फ्रान्सिस्को चर्चच्या आसपास उतरतात. तिथून सगळं जवळ हे खरं, पण ती झोप ३,६०० मीटरच्या वरची. कालाकोतोत तुम्ही तीनशे-साडेतीनशे मीटर खाली झोपता आणि हा फरक सकाळी जाणवतो. शरीराला दिवसा कुठे गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे जास्त महत्त्वाचं. कालाकोतोचे रस्तेही सपाट आहेत, ही या शहरात चैनीची गोष्ट.

रात्रीची एक बाब आधी सांगून ठेवतो, कारण ती पाहून घरचे घाबरतात. झोपेत श्वास खोल होत जातो, मग उथळ होतो, मग काही सेकंद थांबतो, आणि एकदम मोठा श्वास घेऊन माणूस दचकतो. उंचीवर नवीन आलेल्यांमध्ये हे सर्रास घडतं आणि एकट्या या लक्षणाला आजार म्हणत नाहीत. उशी जराशी उंच करा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नेणार असाल तर आकडे कसे वाचायचे ते माहीत हवं: निरोगी नवख्या माणसाचं रीडिंग इथे ८५ ते ९० असू शकतं. मुंबईत याला आणीबाणी म्हणतील, इथे नाही. बोटं गार असतील किंवा नखाला रंग लावलेला असेल तर आकडा खोटा येतो. हात चोळून गरम करा, एक मिनिट थांबा, मग वाचा. आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. बसल्या जागी धाप लागणं, थांबत नाही असा खोकला, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता न येणं, बोलण्यात गोंधळ, यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ऑक्सिजन असलेलं रुग्णालय गाठा.

‘त्रास झाला तर खाली उतरा’ हा सल्ला सगळे देतात. ला पाझमध्ये तो अमलात आणणं अवघड आहे. युंगासच्या हिरव्या दऱ्यांकडे, कोरोइकोकडे जाणारा रस्ता आधी ला कुंब्रेच्या खिंडीत, ४,६०० मीटरच्याही वर चढतो आणि मगच उतरतो. विमानाने सांता क्रूझ तासाभरावर आहे, पण विमानतळ शहराच्या वर. खाली जाणारी सरळ वाट एकच: नदीच्या कडेने मेकापाकाकडे जाणारा रस्ता, तो तीन हजार मीटरच्या खाली पोचतो. म्हणून इथे दुखणं वाढेपर्यंत अंगावर काढायचं नाही. प्रवास विम्यात उंचीमुळे होणारा आजार धरलेला आहे ना, तेही निघण्यापूर्वी कागदावर वाचून घ्या.

असेटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडे डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, प्रतिबंधासाठी वापरतात. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून पोचल्यावर दोन दिवस. बाजारातली गोळी बहुधा २५० ची असते, म्हणजे अर्धी. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा घातलेली पेयं बेचव लागतात. हे अपेक्षित परिणाम आहेत, घाबरू नका. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. आईंचं रक्तदाबाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना दोन्ही औषधं एकत्र दाखवा. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली भागातल्या वाचकांसाठी एक जादा सूचना: घरात सिकलसेल असेल तर स्वतः नुसते वाहक असलात तरी आधी तपासणी करून घ्या. एरवी काहीही त्रास नसलेल्या वाहकांनाही या उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

हॉटेलात पाऊल टाकल्यावर माते दे कोका, म्हणजे कोकाच्या पानांचा चहा समोर येईल. बोलिव्हियात तो कायदेशीर आहे, रोजच्या वापरातला आहे आणि गवती चहासारखा पिता येतो. त्याने तरतरी येते, पण उंचीची सवय लवकर होत नाही. तिथल्या म्हणीतला सल्ला जास्त कामाचा: ‘कोमेर पोकितो, आंदार देस्पासितो, दोर्मिर सोलितो.’ थोडं खा, हळू चाल, एकटा झोप. थोडं खायला सांगितलंय त्याला कारण आहे. उंचीवर पचन मंदावतं, रात्रीचं भरपेट जेवण पहाटेपर्यंत छातीवर बसतं. मोठं जेवण दुपारी घ्या, रात्री सूप आणि पाव.

आता शहर. विमानतळ ज्या एल आल्तो शहरात आहे ते उंच पठारावर, सपाट आणि वारं खाणारं. तिथून महामार्ग कड्यावर येतो आणि जमीन एकदम संपते. खाली खोल वाडगा, त्याच्या सगळ्या भिंतींवर तळापासून काठापर्यंत घरं, बहुतेक बिनगिलाव्याची, उघड्या लाल विटांची. पैसे जमतील तसा मजला चढवायचा, म्हणून गच्चीवर सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या. समोर इयिमानी, ६,४३८ मीटरचा बर्फाचा डोंगर. मे ते ऑगस्ट या कोरड्या महिन्यांत तो रोज दिसतो, डिसेंबर ते मार्चच्या पावसाळ्यात ढगात. रात्री उतरलात तर वाडग्यात दिवे सांडल्यासारखे दिसतात आणि कड्यांवरचे दिवे कुठे संपतात आणि तारे कुठे सुरू होतात ते पटकन कळत नाही. शक्य असेल तर पहिल्या उतरणीला दिवसाउजेडीचं विमान घ्या.

मुंबईत टेकडीवरचं घर म्हणजे श्रीमंती. इथे उलट. जितकं खाली तितकी हवा दाट, थंडी कमी, जागा महाग. सोना सूरमध्ये बंगले आणि झाडं, वर काठाकडे चढत जावं तशी घरं लहान आणि वारा बोचरा. एकाच वेळी वर आणि खाली तापमानात काही अंशांचा फरक असतो. खाली उन्हात शर्टावर फिरणारा माणूस वर गेल्यावर स्वेटर शोधतो. स्पॅनिश लोकांनी १५४८ मध्ये शहर आधी पठारावर लाहा इथे स्थापलं आणि लगोलग या दरीत, चोकेयापू नदीच्या काठी हलवलं. आडोशासाठी ही जागा योग्यच होती. आज ती नदी शहराच्या मध्यात जमिनीखालून वाहते. सपाट म्हणावा असा मुख्य रस्ता म्हणजे एल प्रादो, तो तिच्यावरच आहे. रस्ता विचारलात तर उत्तर डावीकडे-उजवीकडे असं क्वचितच मिळतं. ‘आरिबा’ म्हणजे वर, ‘आबाहो’ म्हणजे खाली, एवढ्या दोन शब्दांवर शहर चालतं.

फिरण्याचा नियमही त्यातूनच निघतो: चढायचं यंत्राने, उतरायचं पायाने. चढायचं यंत्र म्हणजे ‘मी तेलेफेरिको’ नावाचं केबल कारचं जाळं. पहिली लाल लाइन मे २०१४ मध्ये सुरू झाली. आता दहा लाइन आहेत, एकूण लांबी ३० किलोमीटरहून अधिक. ही पर्यटकांची पाळणागाडी नाही, लोकांची लोकल आहे. डब्यात दहा माणसं बसतात, गाडी पूर्ण थांबत नाही, सरकत असतानाच चढायचं. आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर फलाटावरच्या कर्मचाऱ्याला हात दाखवा, ते वेग कमी करतात. एका लाइनचं तिकीट वर्षानुवर्षं ३ बोलिव्हियानो (तिथलं चलन) आणि पुढच्या प्रत्येक लाइनला २ असं राहिलं आहे, चालू दर खिडकीवर लावलेला असतो. पहिल्याच खिडकीवर शेवटचं स्टेशन सांगायचं आणि ‘त्रांसबोर्दो’, म्हणजे लाइन बदलायची आहे, असं म्हणायचं. नाहीतर दर वेळी नव्याने रांग आणि पूर्ण तिकीट. पावसाळ्यात दुपारनंतर विजा कडाडू लागल्या की गाड्या थांबवतात, म्हणून लांबची फेरी सकाळी उरका.

खाली रस्त्यावर मिनीबसचं राज्य आहे. सातारा-सांगलीकडचं वडाप डोळ्यांसमोर आणा. काचेवर ठिकाणांच्या पाट्या, दारात उभा राहून मार्गाची नावं एका दमात ओरडणारा पोऱ्या, आणि थांबा म्हणाल तिथे. आत शिरताना लोक सगळ्यांना उद्देशून ‘बुएनोस दियास’ म्हणतात, दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’. तुम्हीही म्हणा, माणसं लगेच सरकून जागा देतात. उतरायचं असेल तर ‘एस्किना, पोर फावोर’, म्हणजे कोपऱ्यावर थांबवा. पैसे सुट्टे हवेत. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्यापूर्वी भाडं ठरवा, आणि रात्री रस्त्यावरची टॅक्सी थांबवण्याऐवजी हॉटेलकडून रेडिओ टॅक्सी बोलवा. टॅक्सीत मधेच दुसरा ‘प्रवासी’ चढला, किंवा साध्या कपड्यातला कोणी स्वतःला पोलीस म्हणवून पाकीट तपासायला मागू लागला, तर ती फसवणूक समजा. गाडीत बसायचं नाही, जवळच्या दुकानात शिरायचं.

दोन दृश्यांनी नवखा माणूस दचकतो. पहिलं म्हणजे एल प्रादोच्या कडेला लाकडी पेटी घेऊन बसलेले, डोळे सोडून सगळा चेहरा लोकरी टोपीने झाकलेले तरुण. ते बुटपॉलिशवाले आहेत. या कामाकडे समाज हिणकस नजरेने बघतो, म्हणून शेजाऱ्यांनी, वर्गातल्या मुलांनी ओळखू नये यासाठी ते तोंड झाकतात. त्यातले बरेच शिकणारे आहेत. पॉलिश जरूर करून घ्या, फोटो काढू नका. दुसरं म्हणजे स्फोटाचे आवाज. खाणकामगारांचे मोर्चे निघतात तेव्हा ते डायनामाइटचे बार उडवतात. मोर्चा दिसला की बाजूच्या गल्लीतून खाली सटकायचं. रस्ता अडवण्याला ‘ब्लोकेओ’ म्हणतात आणि तो विमानतळाच्या वाटेवरही होतो. परतीच्या दिवशी सकाळी हॉटेलात विचारा, गरज पडली तर केबल कारने वर जाऊन तिथून टॅक्सी करा. याउलट चौकाचौकात झेब्र्याचा पोशाख घालून लोकांना रस्ता ओलांडायला मदत करणारी मुलं दिसतील. हा नगरपालिकेचा २००१ पासूनचा उपक्रम आहे. आई त्यांचा हात धरून निर्धास्त रस्ता ओलांडू शकतील.

प्लासा मुरिल्योवर संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ बघा. २०१४ मध्ये त्याचे काटे उलटे फिरायला लावले, आकडेही उलटे केले. दक्षिण गोलार्धात सावली-घड्याळाची सावली तशीच फिरते, म्हणून हे ‘दक्षिणेचं घड्याळ’. मे ते ऑगस्टमध्ये तुमच्याही लक्षात येईल की दुपारचा सूर्य उत्तरेला आहे. दिशा सूर्यावरून ओळखायची सवय असेल तर पहिले दोन दिवस सगळंच चुकतं.

शाकाहाराचं काय? उपाशी राहणार नाही, पण विचारून खावं लागेल. दुपारी ठिकठिकाणी ‘अल्मुएर्सो’ मिळतं, आपल्या राइस प्लेटसारखं ठरीव जेवण: आधी सूप, मग मुख्य पदार्थ. अडचण सूपची. भाज्यांचं दिसणारं सूपही हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असतं. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको एवढं सांगितलं की ते वरचा तुकडा काढून देतात. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोल्यो, सिन काल्दो दे कार्ने’ असं पूर्ण म्हणा: मांस नको, कोंबडी नको, मांसाचं पाणीही नको. शेंगदाण्याचं सूप, ‘सोपा दे मानी’, आपल्या उपासाच्या शेंगदाण्याच्या आमटीचं दूरचं नातेवाईक वाटावं असं. भुईमूग मुळात दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातलाच, तिथूनच तो जगभर गेला. पण त्यातही बहुधा मांसाचं पाणी असतं, विचाराच. सकाळच्या साल्तेन्या करंज्यांसारख्या दिसतात, आत रस्सेदार मांस असतं. शाकाहारी प्रकार मिळाला तरी रस्सा घट्ट करायला जिलेटिन वापरलेलं असू शकतं. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे प्लातो पासेन्यो: उकडलेलं मोठ्या दाण्यांचं कणीस, बाकल्याच्या शेंगांचे दाणे, सालीसकट बटाटा आणि तळलेलं चीज. शिवाय हुमिंता, वाटलेला मका आणि चीज मक्याच्या पानात वाफवून केलेला गोडसर-खारट पदार्थ. सकाळी जांभळ्या मक्याचं दालचिनी-लवंग घातलेलं गरम ‘आपी’ आणि त्याबरोबर चीज भरून तळलेला, फुगलेला ‘पास्तेल’. थंडीत याला तोड नाही.

आणि टेबलावरची वाटी: ल्याहुआ. टोमॅटो, लोकोतो नावाची मिरची आणि किल्किन्या नावाची उग्र वासाची पानं, बातानवर वाटलेली. बातान म्हणजे सपाट दगड आणि त्यावर पुढे-मागे झुलवायचा अर्धचंद्राकृती जड दगड. आपला वरवंटा ओढतात-ढकलतात, हा झुलवतात, दगडाच्या वजनानेच वाटलं जातं. लोकोतो चिरलात तर आत काळ्या बिया दिसतील, लवंगी मिरचीसारखी बारीक नाही, छोट्या टोमॅटोएवढी गोल. दिसायला गरीब, तिखटपणात नाही. पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर घ्या.

बरोबर कूकर किंवा ‘गरम पाण्यात पाच मिनिटं’वाली पाकिटं नेणाऱ्यांसाठी हिशेब. मुरिल्यो चौकाच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांना उकळतं. उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही, तांदूळ मधे कच्चा राहतो, चहाला रंग उतरायला वेळ लागतो. कूकरमध्येही मुंबईत आत १२० अंश होतात, इथे तीच शिट्टी सुमारे ११४ अंशांवर होते, कारण शिट्टीचं वजन बाहेरच्या दाबाच्या वर मोजतं आणि बाहेरचा दाबच कमी. डाळीला नेहमीपेक्षा निम्मा वेळ जास्त धरा. उपमा-पोह्यांच्या पाकिटात पाणी उकळतं ओता, झाकण घट्ट ठेवा आणि पाचऐवजी दहा मिनिटं थांबा.

मेर्कादो लान्सा किंवा रोद्रीगेस मंडईत भाजी-फळं घेताना विकणारीला ‘कासेरा’ किंवा लाडाने ‘कासेरिता’ म्हणतात, ती तुम्हालाही तेच म्हणते. विकणारी आणि घेणारी दोघींना एकच हाक, कारण नातं दोन्हीकडून बांधलेलं. वजन झालं की ‘यापिता?’ म्हणून बघा. यापा म्हणजे वर घालायचं: आपल्याकडे भाजीवाल्या मावशी मिरच्या-कोथिंबीर वर टाकतात तेच. ती हसून दोन संत्री पिशवीत टाकते. भाव फार पाडण्यापेक्षा यापा मागणं जास्त रीतीला धरून आहे. घेरदार पोल्येरा घागरा, शाल आणि तिरकी गोल हॅट घातलेल्या या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. बऱ्याच जणी नाही म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

खोलीत हीटर आहे का, हे आरक्षण करतानाच विचारा. जून-जुलैत रात्री पारा शून्याजवळ जातो आणि घरं तापवायची पद्धत नाही. शॉवरच्या तोंडातच विजेची कॉइल असते. पाणी गार येतंय म्हणून नळ जास्त सोडला की ते आणखी गार होतं, धार बारीक केली की तापतं. शॉवर चालू असताना त्या तोंडाला हात लावू नका. आपले बारीक दोन पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन जाड पिनांचे नाही. नळाचं पाणी पिऊ नका. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातून रक्ताचा टिपूस येतो. व्हॅसलीन नाकाच्या कडेलाही लावा. ऊन गार वाटतं पण भाजतं, ढगाळ दिवशीही सनस्क्रीन आणि टोपी.

पैशांत एकच: डॉलर अगदी कोऱ्या, न दुमडलेल्या नोटांत न्या. कडेला बारीक फाटलेली नोट परत येते. २०२३ मध्ये तिथे डॉलरची टंचाई सुरू झाली आणि अधिकृत दर व बाजारातला दर यांत मोठी तफावत पडली होती. कार्डावर कोणता दर लागतो आणि रोखीला कोणता, हे उतरल्या दिवशी विचारून मगच मोठी रक्कम बदला. २०० बोलिव्हियानोंची नोट मोडायला कोणी तयार नसतं, सुट्टे जमवत राहा.

तीन दिवस असे लावा. पहिल्या दिवशी कालाकोतोत झोप, तिथल्याच सान मिगेलच्या सपाट गल्ल्यांत अर्धा तास फेरफटका, भरपूर पाणी, बस. दुसऱ्या दिवशी इर्पावीहून हिरवी लाइन, लिबेर्तादोरला पिवळी, आणि सोपोकाची स्टेशनला उतरून पायी खाली एल प्रादोपर्यंत. सान फ्रान्सिस्को चर्च पाहा, पण समोरची सागार्नागा गल्ली चढू नका. टॅक्सीने वर लिनारेस गल्लीत जा, तिथला चेटकिणींचा बाजार पाहत सागार्नागा उतरा. तिथे दोरीला टांगलेली लामाची वाळलेली अर्भकं दिसतील. नवं घर बांधताना धरणीमातेला, पाचामामाला, अर्पण करायची ती वस्तू आहे. आपल्याकडच्या वास्तुशांतीच्या भावनेने बघा, पण आईंना आधी सांगून ठेवा. तिसरा दिवस गुरुवार किंवा रविवार आला तर मध्यवर्ती स्टेशनवरून लाल लाइनने वर जा. वाटेत खाली दफनभूमी दिसते, कप्प्यांच्या रांगांवर रांगा, प्रत्येक कप्प्याला काचेचं दार आणि आत ताजी फुलं. वर एल आल्तोचा दिएसिसेइस दे हुलियो बाजार, सुईपासून गाडीच्या इंजिनापर्यंत सगळं मांडलेलं. पाकीट आतल्या खिशात ठेवा आणि तासाभरातच निघा, कारण तुम्ही ४,००० मीटरच्या वर आहात. परत लालने न उतरता चंदेरी लाइनने कड्याकडेने मिरादोरला या, तिथून पिवळी, मग हिरवी. चार लाइनच्या या फेरीत पठारापासून सोना सूरपर्यंत अख्खं शहर पायाखालून सरकतं आणि आईंना पायी चढ चढावा लागत नाही.

परतीची बॅग भरताना दोन गोष्टी तपासा. कोकाच्या चहाच्या पुड्या कोणी भेट दिल्या असतील तर तिथेच ठेवून या. भारतात कोकाचं पान अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, ‘चहाच आहे’ हे उत्तर चालत नाही. आणि पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. बोलिव्हिया पीतज्वराच्या यादीत असल्याने भारतात उतरल्यावर ते मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं, म्हणून सरकारमान्य केंद्राची वेळ निघण्याच्या महिनाभर आधीच घ्या. साठीच्या पुढे या लसीचे दुष्परिणाम होण्याची शक्यता जास्त असते. आईंची लस डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, आणि डॉक्टरांनी नको म्हटलं तर तसं लेखी प्रमाणपत्र त्याच केंद्रातून घ्या.